मुंजाजीच्या शेडमधली निवडणूक

मुंजाजीनं मेंढरं विकून व्हिडिओ गेम आणला, तेव्हा पंचफुलाबाईनं नवऱ्याशी अबोला धरला. सुटला तो एकाच वाक्यानं.

"मेंढरं निदान दरसाल वितात तरी. ह्ये तुमचं डबडं काय विणार?"

वारंगा फाट्यावर, जीपच्या स्टँडसमोर त्याची पत्र्याची शेड उभी राहिली. जागा माणिकरावांची, ते त्या भागातले पुढारी. शेडमध्ये एक रंगीत टीव्ही, वायरीचे दोन रिमोट, दोन स्टुलं आणि भिंतीला लावलेलं लांब बाकडं. हिंगोली नुकतीच जिल्हा झालेली, त्या दिवसांतली ही गोष्ट. शाळेतली पोरं येतील असा मुंजाजीचा हिशेब होता. आले ते काळी-पिवळीचे ड्रायव्हर. फाट्यावर जीप नंबरानं भरायची. पुढची भरून सुटल्याशिवाय मागच्यानं एक माणूस आत घ्यायचा नाही. तोवर ड्रायव्हरानं करायचं काय? मग मिशा असलेले बाप्ये इवल्याशा स्टुलावर बसून हाणामारीचा गेम खेळायचे आणि पडद्यावरचा पैलवान पडला की स्वतःच कण्हायचे.

मुंजाजी स्वतः कधी खेळला नाही. पण बघून बघून त्याची मतं दगडासारखी पक्की झाली होती. ती तो अशी तशी सांगत नसे. खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा राहायचा, बाकड्यावर नजर फिरवायचा, सगळे गप्प झाले की मग शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात.

"ह्ये बघा, चालू-बंद करायचं बटण पहिल्या रिमोटला हाय, दुसऱ्याला न्हाई. दुसऱ्यानं नुसतं हाणायचं आन् मार खायचा. गेम थांबवायचा कवा, ते पहिला ठरवणार. मुंबईतलं सरकार बी असंच चालून राहिलं. आन् दिल्लीत तर वीस-पंचवीस जण एकाच रिमोटला झोंबलेत. कुणाचा अंगठा कोणत्या बटणावर, कुणालाच ठाव न्हाई!"

"मंग जनता कुठं हाय, मामा?"

"तुमच्यासारखी बाकड्यावर. आपला नंबर यील म्हणून बसलेली."

हशा पिकायचा. मुंजाजी मात्र हसायचा नाही, कारण मुख्य गोष्ट अजून बाकी असायची.

"पण हितं एक हाय. हरला तो उठला. तिकडं हरलेला मागच्या दारानं येऊन गादीवर बसतो. माझ्या शेडात ते चालायचं न्हाई."

आणि खरंच चालत नव्हतं. कुणीही असो, हरला की रिमोट पुढच्याच्या हातात. त्या एका नियमावर मुंजाजीची छाती फुगलेली असायची.

अशात स्टँडचा अध्यक्ष धर्मसिंग नजर अधू झाली म्हणून तांड्यावर परत गेला. अध्यक्ष म्हणजे नंबर पुकारणारा. त्या जागेवर दोघांचा डोळा. एक हनुमान, माणिकरावांच्या जीपा सांभाळणारा. त्या जीपा तशाही मध्येच घुसायच्या. तो अध्यक्ष झाला तर बाकीच्यांनी दिवसभर उन्हात गाड्या तापवत उभं राहायचं, हे दिसतच होतं. दुसरा अंगद, मुंजाजीच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. कुणाचा नंबर कुणाला देणार नाही, एवढंच तो म्हणत होता. हात वर करून मत घ्यायचं ठरलं, तर हात एकमेकांच्या गचांडीला गेले.

तेवढ्यात कुणीतरी मागून ओरडलं, "मुंजामामाच्या शेडात लावा कुस्ती! जिंकंल तो अध्यक्ष!"

सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. ज्याचा निकाल सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल, अशी दुसरी जागा फाट्यावर होती कुठं? हनुमान चांगला खेळायचा, त्यानंच आधी होकार दिला. दोघांनी आपापल्या गाडीच्या स्टेअरिंगवर हात ठेवून शपथ घेतली.

मुंजाजीला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला आपल्या जोगं काम मिळालं. दुसऱ्या रिमोटचं हाणायचं बटण अडकायचं. त्यानं तो उघडला, आतलं रबर स्पिरिटनं पुसलं, फुंकून फुंकून कोरडं केलं. वर ठरवलं की तीन डाव घ्यायचे आणि दर डावाला रिमोट बदलायचा. शिवाय पहिला रिमोट आधी कोण धरणार, ते नाणं उडवून. भाचा असला म्हणून काय झालं?

लढतीला शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चहावाल्यानं गिऱ्हाइकं सोडली, जीपमध्ये बसलेले प्रवासी उतरून दारात आले. पहिला डाव हनुमानाचा. दुसरा अंगदचा. तिसऱ्यात हनुमानानं असा रेटा लावला की अंगदचा पैलवान पार कोपऱ्यात. आणि तिथून अंगदचा अंगठा जो चालला! वीज लवावी तसा. हनुमानाचा गडी आडवा झाला तेव्हा पत्रे हादरले.

"हरला तो उठला!" मुंजाजीचा आवाज चिरकला.

हनुमान उठला. अंगदला मिठीसुद्धा मारली. मुंजाजी घरी गेला तो तरंगतच.

"आज आपल्या शेडात खरं इलेक्शन झालं," तो बायकोला म्हणाला.

"सकाळी बघू," पंचफुलाबाई म्हणाली.

सकाळी नंबर पुकारायच्या खुर्चीवर हनुमान बसला होता. डोक्याच्या वर नवी कोरी रंगवलेली पाटी. मार्गदर्शक, माणिकराव. अध्यक्ष, हनुमान. उपाध्यक्ष, अंगद. मुंजाजीनं बोट लावून बघितलं. वरची दोन्ही नावं कधीच वाळलेली होती. फक्त अंगदच्या नावाचा रंग बोटाला लागला.

तो तरातरा ड्रायव्हरांकडं गेला.

"काहून गप बसले रे समदे?"

"मामा, तो गेम व्हता."

"आन् स्टेअरिंगवरची शपथ?"

कुणी काचा पुसायला लागलं, कुणी टायरवर लाथ मारून हवा बघायला लागलं. "आमाला ह्याच रोडवर गाडी चालवायची हाय," एक जण पुटपुटला. अंगद आपल्या जीपमध्ये होता. जीप रांगेत दुसरी उभी होती.

"रोज दुसरा नंबर देतो म्हणले, मामा," तो खाली बघून म्हणाला. "पाटीवर नाव बी हाय. तुमीच सांगता ना, दुसऱ्या रिमोटनं बी खेळता येतं."

"मी असं कवाच सांगितलं न्हाई, अंगद."

दुपारी हनुमान शेडमध्ये आला. मागून पाच-सात जण. त्यानं सरळ पहिला रिमोट उचलला.

"लावा मामा. उपाध्यक्षसाहेब, या, बसा."

जागा माणिकरावांची. मुंजाजीनं डबड्याचं बटण दाबलं. गेम सुरू झाला, पण त्यानं पडद्याकडं बघितलंच नाही. तो अंगदच्या हाताकडं बघत होता. कालचा तो अंगठा रिमोटच्या कडेला निवांत पडला होता. हनुमानाचा पैलवान हाणत होता, अंगदचा नुसता उभा होता, आणि अंगद मोठ्यानं "अरारारा, मेलो!" म्हणत होता. नाटकात मरणाऱ्यानं पडायची जागा आधीच बघून ठेवावी, तसा. बाकड्यावरच्या सगळ्यांना तो अंगठा दिसत होता.

गडी आडवा झाला. टाळ्या पडल्या. पहिली टाळी अंगदनं वाजवली.