ओयुनाताईचे शेवटचे बूझ

वर्षभर आमच्या फ्रीझरमध्ये एका गेलेल्या बाईच्या हातचं मटण होतं.

खायची हिंमत नव्हती. टाकायची तर त्याहून नव्हती.

ओयुनाताईला जाऊन आज वर्ष झालं.

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीतली आमची शेजारीण. मूळची मंगोलियाची, उलानबातरची. इथे हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. तीही बौद्ध, आम्हीही. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडची खीर तिकडे आणि त्यांच्या सणाचं इकडे.
मी तिला ताई म्हणायचो. त्याचा अर्थ तिने एकदा विचारून घेतला आणि त्या दिवसापासून मोठ्या बहिणीचे सगळे हक्क वसूल केले.

पहिला हक्क फ्रीझरवर.

फेब्रुवारीच्या आसपास त्यांचं नवं वर्ष येतं. घरोघरी शेकड्यांनी बूझ करतात. बूझ म्हणजे मोमोचा थोरला भाऊ. आत हाताने बारीक चिरलेलं मटण, भरपूर कांदा, आणि वाफवला की आतल्या आत गरमागरम रस्सा.
तिकडे तेव्हा उणे पंचवीस. फ्लॅटमध्ये राहणारी माणसं ट्रे नुसते बाल्कनीत ठेवतात, तासाभरात बूझ दगड होतात.
वेरिबीत तेव्हा एक्केचाळीस.

म्हणून ती आमच्या दारात. "यू हॅव फ्रीझर?"
"आय डू, पण त्यात आर्याचं आइस्क्रीम आहे."
मराठी तिला कळलं नसावं, आइस्क्रीम कळलं. "शी कॅन ईट इट टुडे."

आमच्या लेकीने दोन तासांत डबा संपवला. ओयुना आंटीसारखं देवमाणूस तिच्या मते जगात दुसरं नव्हतं.

मग दर जानेवारीत गल्लीतले चार फ्रीझर तिचे. आमचं इडलीपात्रही तिनेच पळवलं. प्रत्येक खळग्यात एक बूझ, बुडाला तेलाचं बोट. मंगोलियात हे भांडं का नाही, असं तिने मला इतक्या रागाने विचारलं, जसं काही मीच लपवून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी तिने चारही फ्रीझर भरले, आणि सणाच्या आधीच हार्ट अटॅकने गेली.

तिचा मुलगा तेमू. पंचविशीचा, आधीच अबोल. आम्ही डबे परत द्यायला गेलो तर दारातच म्हणाला, "प्लीज, यू कीप देम. आय कान्ट."

मग ठेवले. मटार काढायला फ्रीझर उघडला की मी आधी नजर दुसरीकडे वळवायचो.

काल बेचाळीस डिग्री. दुपारी एकला लाइट गेली ती चारपर्यंत आलीच नाही. समोरचा निक, सत्तरीचा म्हातारा, डबा छातीशी धरून आला. "मेट, दे आर गोइंग सॉफ्ट."

मी तेमूकडे गेलो.
सांगितलं की एक तर आत्ता शिजवायचे, नाहीतर बिनमध्ये. तू म्हणशील ते.

त्याने आमच्या घराकडे बघितलं. मग म्हणाला, "यू गॉट गॅस, राइट?"

गल्लीत गॅस फक्त आमच्याकडे, बाकी सगळ्यांच्या विजेच्या शेगड्या. इडलीपात्र चढलं. चार घरांचे डबे ओट्यावर आले. निकने बायको आणली, मुलं आणली, बायकोची बहीणही आणली. निशा, माझी बायको, शिफ्टवरून आली तर घरात पंधरा माणसं घामाघूम.
"मी चुकीच्या घरात आले का?" म्हणाली, पर्स ठेवली आणि पुढचा घाणा लावला.

पहिला बूझ तेमूला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे.
त्याने कडेला बारीकसा चावा घेतला, रस्सा ओढला, डोळे मिटले.

"टू मच अनियन," तो म्हणाला. "ऑलवेज टू मच अनियन."

आणि हसायला लागला. हसता हसता रडला. मग जे बोलायला लागला ते थांबेचना. वर्षात पहिल्यांदा आईबद्दल बोलत होता. म्हणे वाकडे झालेले सगळे बूझ ती माझ्या डब्यात टाकायची. "शी सेड यू वोन्ट नोटिस."
खरंच, मला कधी कळलं नाही.

"बाबा, तेमू हॅड इलेव्हन!" आर्या ओरडली.

ताई, वर्षभर जपलेलं सगळं आम्ही काल रात्रीपर्यंत फस्त केलं. तुझ्या हातचं आता काहीच उरलं नाही, हे भांडी घासताना लक्षात आलं आणि मी सिंकपाशी रडलो.

नमो बुद्धाय, ताई.
तुझा मुलगा काल पोटभर जेवला.