आळसांद्याचा रस आणि शर्वरीच्या अळ्या

पणजीचं प्रदर्शन होईपर्यंत प्रयोगाबद्दल बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं गावकर टीचरनी बजावलंय. पण आमच्या मुळगावच्या शाळेतल्या विज्ञान मंडळात रोज काहीतरी घडतं, आणि मी बोलत नसल्यामुळे ते सगळं माझ्याकडेच साठत राहतं. निदान वहीला तरी सांगते!

* * *

आमचा गोवा वेगळं राज्य झाल्यापासून टीचर दर वाक्यात 'आपलं राज्य' म्हणतात. "आपल्या राज्यात आळसांदे, म्हणजे मोठी चवळी, पिकतात. त्यांच्या कच्च्या दाण्यात एक प्रथिन असतं. ते अळीचं पचनच अडवतं. अळी खाते, पण अंगी लागत नाही. परदेशात हा गुण तंबाखूच्या रोपात घातलाय. आता रोपच स्वतःला राखतं!"

"मग टीचर, आम्ही रोज खातो ते?" माझ्याच वर्गातल्या शर्वरीने विचारलं.

"शिजवलं की ते मोडतं, म्हणून वाचतो!"

सगळे हसले. हा प्रश्न माझ्या वहीत आधीच लिहिलेला होता.

* * *

ज्याने त्याने घरी कच्चे आळसांदे वाटायचे, रसात भेंडीची पानं बुडवायची आणि अळ्यांना घालायची. एक डबा शर्वरीचा, एक माझा, तिसरा नुसत्या पानांचा. जिच्या अळ्या लहान राहतील, ती पणजीला जाऊन बोलणार.

मला जायचं होतं. पण शर्वरी मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्हींत बोलते. मी तिन्हींत गप्प असते.

* * *

अळ्या मीच आणल्या, आमच्या भेंडीवरच्या. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "गो बाय, लोक अळ्या मारतात. तू घरात आणून पोसतेस?"

शर्वरीने अळ्यांना हातही लावला नाही. तिने फक्त त्यांची नावं ठेवली. सगळ्यात जाडीचं नाव बायजाबाई! टीचर म्हणाल्या, "किती बारीक लक्ष आहे हिचं!"

रोज पट्टी लावून अळ्या मोजत होते मी.

* * *

आठ दिवसांत माझ्या अळ्या सुतळीच्या तुकड्यासारख्या राहिल्या. शर्वरीच्या मात्र टम्म! शिपाई बाबलोमामांनी डब्यात डोकावून विचारलं, "ह्यांचं बारसं कधी?"

मी तोंडावर ओढणी धरून हसले. पुष्कळ दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं.

* * *

आता शेवटचा किस्सा. प्रदर्शनासाठी शाळा निवडणारे साहेब येणार, त्या सकाळी टीचरनी घाबरून विचारलं, "शर्वरी, रस कच्चाच होता ना गो?"

"नाही टीचर. आई म्हणाली, कच्चे वाटून दिले तर लोक काय म्हणतील? तिने कुकरच्या तीन शिट्ट्या काढल्या. चिमूटभर हळदही घातली."

टीचर मटकन बसल्या. तेवढ्यात साहेब आत!

शर्वरी उठली आणि बोलायलाच लागली. "सर, हा नुसत्या पानांचा डबा. हा कच्च्या रसाचा, ह्यात अळ्या वाढल्या नाहीत. आणि हा शिजवलेल्या रसाचा, ह्यात वाढल्या. म्हणजे शिजवल्यावर ते प्रथिन मोडतं!"

साहेब खूश. "वा! शिजवलेला डबा ठेवायची कल्पना कोणाची?"

"माझ्या आईची!"

टीचरना खोकला आला. मला रडू. तिची चूकसुद्धा माझ्या बरोबरपेक्षा छान दिसत होती!

मग साहेबांनी विचारलं, "मापं कोणी घेतली?" शर्वरीने मला ढकलून पुढे केलं. माझी मापांची वही त्यांच्या हातात गेली, आणि त्यांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं.

"'पहिला दिवस. शर्वरीच्या रसाला हळदीचा आणि शिजल्याचा वास येतो.' अरे वा, पहिल्याच दिवशी ओळखलंस?"

टीचर माझ्याकडे बघू लागल्या. शर्वरीही. मी पट्टीकडे बघत होते.

"हो सर," शर्वरी म्हणाली, "आमचं दोघींचं ठरलंच होतं तसं."

दोघींची निवड झाली. ती बोलणार, मी डबे सांभाळणार. त्या दिवसापासून तिने मला एका शब्दाने काही विचारलेलं नाही. आज पणजीच्या बसमध्ये तिने विचारायच्या आधी मीच तिला सांगणार आहे, की तो वास आला तेव्हा मी मुद्दामच—

दारातून शर्वरीची हाक आली, "अगो, येतेस मगे? बायजाबाईचा डबा घे, बस चुकतली!"