नळीतला निळा रंग

या, जरा पुढं सरका. माणूस सांगायला घेतला की तुम्ही दारात अर्धं अंग बाहेर ठेवून बसता, आणि मग म्हणता, आक्का, नीट ऐकू आलं नाही. लांबून माणूस कळतो होय? आमच्या दवाखान्यातले तात्या तर दोन्ही हात पाठीमागं बांधून, माशांच्या टाकीच्या काचेला नाक टेकवून, श्वास कोंडून उभे राहायचे. मग मागं सरून म्हणायचे, "पाणी बोलत न्हाय आक्का. त्येचंच भ्या वाटतं."

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बारामतीत एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होते. आमच्या डॉक्टरबाईंचा भाऊ जहाजावर. त्यानं बहिणीला खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी बसवून दिली, बायका थांबायच्या त्या बाकासमोरच. आत पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी मासे आणि जिवंत पोवळी. मला तोवर पोवळं फक्त अंगठीतलं ठाऊक! तात्या धरणाकाठच्या डाळज गावचे. उभा जन्म आधी नदीत, मग धरणाच्या पाण्यात जाळी टाकण्यात गेलेला, म्हणून बाईंनी त्यांना टाकीवर नेमलं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मला मासं मारायचं म्हाईत हाय. जगवायचं कुणी शिकवलं न्हाय."

पण शिकले. दर सोमवारी काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि वाट बघायचे. पाणी पांढरं राहिलं तर ठीक. निळं झालं की फॉस्फेट वाढलं. बाईंनी सांगितलं होतं, "उसाला खत घालतो ना आपण, तसलंच हे. उसाला मानवतं, पोवळ्याला नाही. शेवाळ माजतं आणि पोवळं गुदमरतं. खायला जास्त पडलं की वाढतंच."

"म्हंजी ह्यो जावई उलटा हाय," तात्या म्हणाले. "जितकं कमी वाढाल तितका खूश."

त्या वर्षी त्यांची लेक तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेलेली. शेवटचा महिना बाईंनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. आणि बघा, त्याच महिन्यात नळी निळी झाली.

तात्यांनी पाणी बदललं. माशांचं खाणं निम्मं केलं. पुढच्या सोमवारी नळी आणखी निळी. पोवळ्यांवर तपकिरी शेवाळाची साय धरली. तात्या नळी उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघायचे. एकदा मला म्हणाले, "आक्का, ह्ये पोवळं मेलं तर माझी पोर..." आणि पुढचं बोलणं त्यांनी मुठीत दाबून धरलं. देवाधर्माचा फार नाद नसलेला माणूस, पण त्या टाकीत त्यांनी लेकीचा जीव बघायला सुरुवात केली होती.

आता माझं ऐका, आणि लगेच तोंड वाकडं करू नका. आपल्याकडं कुणाच्या जिवावर बेतलं की त्याच्या नावानं माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. नदीवर जायला मला कुठली सवड? मासे समोर होतेच. तात्या भाकरी खायला मागं गेले की मी झाकण सरकवायची आणि त्यांच्या लेकीचं नाव घेऊन पाच गोळ्या सोडायची. रोज. नळी निळी झाली तेव्हा मला वाटलं, संकट मोठं दिसतंय. मग मी सात सोडायला लागले.

एका सकाळी तात्यांनी शेवाळ खरवडायला टाकीतला दगड उचलला. मागं पांढरा लगदा. त्यांनी तो बोटावर घेतला, वास घेतला, आणि माझ्याकडं वळून बघितलं. माझ्या नखात तेव्हाही कणीक होती.

"आक्का, ह्ये कुणाच्या नावानं?"

"तुमच्या लेकीच्या," मी म्हणाले.

"कवापासनं?"

"ती आली त्या दिवसापासनं."

तात्या बाकावर बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग उठले आणि म्हणाले, "बाईंना सांगू नगा. बादली आणा."

सगळा लगदा आम्ही उपसला. शुद्ध पाण्यात समुद्राचं मीठ कालवून तीन दिवस थोडं थोडं पाणी बदललं. बाई म्हणाल्या, चुन्याची निवळी द्या, तिनंही फॉस्फेट खाली बसतं. पण थेंबाथेंबानं, एकदम पडली तर मासे आणि पोवळी, सगळं मरेल. निवळी मीच केली, वरचं नितळ पाणी तेवढं घेतलं. तात्यांनी ते सलाईनच्या बाटलीत भरलं आणि स्टँडला टांगलं. बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, डबक्याला पण सलाईन? आमच्या सुनंला खाट मिळंना!" सगळ्या हसल्या. तात्या हसले नाहीत. ते थेंब मोजत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच लेकीला कळा सुरू झाल्या.

मी आतबाहेर करत होते. रक्त फार जात होतं. बाईंच्या कपाळावर घाम. बाहेर आले की तात्या स्टुलावर तसेच, नजर सलाईनच्या नळीवरच्या, थेंब कमीजास्त करायच्या चक्रीवर. मी म्हणाले, "तात्या, दारापर्यंत तरी या. तिला आवाज द्या."

"न्हाय आक्का. हितनं उठलो तर थेंब चुकंल."

दुपारी बाळ आलं, पण रडलं नाही. बाईंनी त्याला उलटं धरलं, तोंडातलं काढलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मी इतकी बाळंतपणं बघितली, पण तसली शांतता पुन्हा माझ्या वाट्याला न येवो. आणि मग बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला. मुलगी होती.

मी धावत बाहेर आले. "तात्या, दोघी हायेत! दोघी!"

त्यांनी मान हलवली. चक्री बंद करायला हात उचलला, तर बोटं वळेनात. चक्री मी बंद केली.

टाकी जगली, तीन पोवळी सोडून. महिन्याभरात तात्या काम सोडून लेकीकडं गेले, लोणी भापकरला, नातीला सांभाळायला. दोनदा निरोप आला, आक्काला म्हणावं येऊन जा. मी गेले नाही. कामाचं निमित्त सांगितलं, पण खरं सांगू? भीती वाटायची. त्या पोरीसमोर कणकेचा विषय निघाला तर कुठल्या तोंडानं बसू? असं करत दोन वर्षं घालवली. गेले तेव्हा तात्या वारले होते, त्यांचे दिवस होऊनही आठवडा झाला होता.

लेक नातीला कडेवर घेऊन बाहेर आली. म्हणाली, "तुमीच आक्का न्हवं? तात्या सगळ्यांना सांगायचं, माझ्या लेकीसाठी आक्कानं रोज कणीक मळली. सख्खं कोण एवढं करतंय?" लगद्याचा आणि शेवाळाचा एक शब्द त्यांनी घरात काढला नव्हता. मी पायरीवरच बसले.

म्हणून म्हणते, कुणाकडं जायचं राहिलं असेल तर भिऊन थांबू नका. आणि माझ्याकडंही या. लवकर या, जेवूनच जा.