ताटातली गोळी

लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. नवरा पलटणीत, त्यात लढाई सुरू. तो रजेवर येई तेवढाच आमचा संसार. अंगावरून घाण वासाचं पांढरं जायचं, ओटीपोटात कळा यायच्या. हे दुखणं बाईनं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी गप्प. सासूबाईंनी मात्र रहिमतपूरची एक मुलगी माझी सवत म्हणून हेरून ठेवली होती. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

त्याच्या एका रजेत उसातलं तण भांगलताना कळ येऊन मी तिथंच बसले. मग बैलगाडीतून साताऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सासूबाई माझ्याबरोबर आत आल्या, नवरा बाहेर बैलांपाशीच थांबला. बायकांच्या दुखण्यात गड्याचं काय काम! बाईंनी मला तपासलं, अंगावरून जाणारं काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं.

"जंतू आहेत. गोळ्या दोघांनी घ्यायच्या," त्या म्हणाल्या.

"आवं, त्याला कशाला? दुखणं हिचं हाय," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या मुलाला त्रास नसला तरी जंतू त्याच्याही अंगात असणार. हिला एकटीला बरं केलं, तर त्याच्याकडून पुन्हा लागण होईल. उद्या दुसरी सून आणलीत, तरी तिचंही हेच."

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी गोळ्यांची पुडी स्वतःच्याच कनवटीला लावली. आता हेही माझ्याच माथी मारणार, असं धरून मी बसले होते.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याचं ताट वाढलं. चटणीशेजारी गोळी ठेवली, भाकरी मात्र टोपलीतच.

"आई, बायकांचं औषिद मला? मला काय बी झालं न्हाई."

"गीळ. तवर भाकरी न्हाई."

पलटणीतला एवढा दांडगा गडी, पाण्याचा तांब्या ओढून त्यानं गोळी गिळली. चुलीपुढं मला हसू आवरेना. मग सासूबाईंनी माझ्याही हातावर गोळी ठेवली. गोळ्या संपेपर्यंत रोज हेच चाललं.

रजा संपायच्या आत बाईंनी पुन्हा तपासलं. जंतू दिसत नव्हते. "मूल होईलच असं मी सांगू शकत नाही. पण आशा ठेवायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. एवढ्यानंही मला हलकं वाटलं. धाकधूक राहिली ती सासूबाईंची.

पुढच्या बाजारादिवशी रहिमतपूरहून मुलीचा मामा आला. बोलणी कधी करायची, विचारू लागला. सासूबाईंनी त्याला माझ्याच हातचा चहा पाजला.

"पोरीला दुसरं घर बघा," त्या म्हणाल्या. "आमाला सून हाय."