थंकमणीच्या हत्तीचे कान

निर्जीव वस्तूंना नखरे शिकवणं, हाच थंकमणीचा बावीस वर्षांचा धंदा. नाटकातला डोळे वटारणारा राक्षस तिचाच, मिरवणुकीत मान वेळावणारा मोरही तिचाच. यंदा देवळाने खरा हत्ती आणायचा नाही असं ठरवलं, आणि भगवतीच्या उत्सवासाठी हत्ती बनवायचं काम तिच्याकडे आलं. लोखंडाचा सांगाडा, रबराची कातडी, पोटात मोटरी.

अट एकच. म्हाताऱ्या कुट्टप्पन माहुताने त्याला हत्ती म्हटलं, तरच देवी त्याच्या पाठीवर बसणार. नाहीतर पालखी.

कुट्टप्पन तिच्या शेडमध्ये आला. चेंडा ढोलाच्या ठेक्यावर हत्तीचे दोन्ही कान एकदम हलत होते.

"पोरी, हा हत्ती नाही, पंखा आहे."

"चेट्टा, दादा, ताल तर बरोबर आहे!"

"हत्ती काय तालीम करून येतो? एक कान आधी, दुसरा मागून, मध्येच आळस. कान हलतायत तोवर हत्ती आपला. कान थांबले, की हत्ती बिथरला; मग जो तो आपल्या पायांचा."

हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. थंकमणीने भगवतीला हात जोडले आणि महिनाभर कानांत आळस भरला.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी देवळापुढे तालीम झाली. चेंडे घुमू लागले, सोंड झुलू लागली, कान असे रेंगाळत हलले की बायका केळी घेऊन पुढे सरसावल्या. कुट्टप्पन मात्र कुंपणापाशी हाताची घडी घालून उभा.

तेवढ्यात हत्तीच्या पोटात कुठेतरी वायर निसटली. सोंड हळूहळू वर चढली, आणि कान थांबले.

चेंडा थांबला. कोणीतरी किंचाळलं, "कान!"

मग काय! केळी उडाली, चपला राहिल्या. चेंडेवाले चेंड्यांसकट देवळाच्या तळ्यात. पुजारी दीपमाळेवर. अंगणात उरली एकटी थंकमणी.

"पोरी, पळ!" आवाज कुंपणाच्या भिंतीवरून आला. वर कुट्टप्पन, लुंगी सावरत. "सोंडेसमोरून हो बाजूला!"

"चेट्टा, प्लग काढू का?"

मग तळ्यातून पहिलं हसू फुटलं, आणि मग कोणालाच आवरेना. दीपमाळेवरचा पुजारी हसून हसून घसरायला आला. थंकमणी तर सोंडेला मिठी मारून हसत होती, डोळ्यांतून धारा.

कुट्टप्पन उतरला. लांबूनच एक फेरी मारली.

"हत्ती आहे," तो म्हणाला.

"मग उद्या देवी बसेल ना?"

"बसेल. पण पायात साखळी घाल गं त्याच्या."