नोस्क्यांच्या वहीतले रविवार

सकाळी नऊ वाजता एल्वा नोस्के कुठे सापडेल, हे यारिंडा गावात कोणाला विचारावे लागत नसे. घरामागे, मेंढ्या शिरू नयेत म्हणून घातलेल्या तारेच्या छोट्या कुंपणात ती पर्जन्यमापकावर वाकलेली असे. आतल्या डब्यातले पाणी काचेच्या नळीत ओतायचे, नळी डोळ्यांसमोर धरायची, आकडा वहीत लिहायचा. पाणी नसले तर आडवी रेघ. त्या कोरड्या मुलखात बहुतेक दिवस रेघच असे, पण रेघ ओढायलाही ती जातीने कुंपणापर्यंत जाई.

एल्वाने लग्न केले नव्हते. एकतीस वर्षे ती गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याशी बसली. ट्रक भरलेला आला की वजन, रिकामा निघाला की वजन. ड्रायव्हर म्हणत, एल्वाच्या काट्यावर माशी बसली तरी ती लिहून ठेवते. निवृत्त झाली, डावा गुडघा गेला, म्हातारा कुत्राही गेला, तरी नऊचे काम राहिले. एकाहत्तराव्या वर्षी तिच्या दिवसाला तेवढाच एक खुंटा होता.

पर्जन्यमापक आजोबांनी १९२३ साली बसवला होता. १९३१ पासून तो वडिलांकडे, ट्राउगोट नोस्क्यांकडे आला. १९८३च्या जूनमध्ये हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्यांनी वही एल्वाच्या स्वाधीन केली. शेत आधीच तिच्या थोरल्या भावाच्या, मर्व्हिनच्या नावावर झाले होते. "एकही दिवस चुकवू नकोस, मी चुकवलेला नाही," एवढेच ते म्हणाले. एल्वाने ते शब्दशः घेतले.

शंभरावे वर्ष लागले आणि हवामान खात्याचे पत्र आले. कोठाराजवळ आता स्वयंचलित यंत्र बसणार होते, म्हणून आसपासचे जुने पर्जन्यमापक बंद करायचे होते. मात्र ज्यांच्या नोंदी शंभर वर्षे अखंड आहेत, ते चालू ठेवण्याचा विचार होईल. जुने कागद खात्यात अर्धवट होते, तेव्हा आपल्याकडच्या वह्यांवरून रोजच्या नोंदी संगणकावर चढवून, सोबत दरवर्षीच्या पावसाचा आलेख जोडून सप्टेंबरअखेर पाठवाव्यात, अशी विनंती होती.

एल्वाला पत्र वाचून धास्ती वाटली नाही. नोंदी तर तिने आधीच चढवल्या होत्या. गेले तीन हिवाळे ती तेच करत होती. छत्तीस हजारांच्या वर ओळी. प्रश्न आलेखाचा होता. दर बुधवारी शाळेच्या वाचनालयात गणिताची शिक्षिका जनीन लीबेल्ट म्हाताऱ्या मंडळींना संगणक शिकवी. बाकीचे नातवंडांचे फोटो पाठवायला शिकत, एल्वा आकडेवारीच्या प्रोग्रामला बसली. त्या प्रोग्रामात बटणे जवळजवळ नव्हतीच. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे आणि बाजूच्या चौकोनात चित्र येते का ते पाहायचे. स्वल्पविराम विसरला की तो तांबड्या अक्षरांत रागावे. एल्वाला हे आवडले. काट्यावरचा तिचा साहेबही असाच होता.

पहिला आलेख आला तेव्हा जनीनला हसू आवरेना. पन्नास वर्षे रेषा डोंगरासारखी उंच चालत होती आणि १९७४ला एकदम खाली कोसळून जमिनीलगत सरपटत होती.

"काय गं एल्वा, चौऱ्याहत्तर साली पावसाने राजीनामा दिला की काय?"

एल्वाने चष्मा पुसला, आणि तिच्या लक्षात आले. त्या वर्षापर्यंत पाऊस पॉइंटांत मोजत, शंभर पॉइंटांचा एक इंच. पुढे मिलिमीटर आले. वहीत दोन्ही आकडे एकाच रकान्यात, शेजारी शेजारी होते, आणि तिने ते तसेच उचलले होते. एक ओळ लिहून तिने जुने आकडे मिलिमीटरमध्ये आणले. आता रेषा खरी वाटली. दुष्काळाची वर्षे खड्ड्यांत बसली, सत्तावन्न आणि ब्याऐंशीचे खड्डे तर तिने न वाचताच ओळखले.

जनीनने मग सरावासाठी एक सोपा स्तंभालेख काढायला सांगितला. तारखांवरून प्रोग्राम वार काढून देतो. प्रत्येक वाराला वर्षाकाठी सरासरी किती पाऊस पडतो ते सात स्तंभांत दाखवायचे. "सातही जवळपास सारखे यायला हवेत," ती म्हणाली. "पावसाला वार कळत नाही."

पाच स्तंभ सारखे आले, त्रेचाळीस मिलिमीटरच्या आसपास. रविवारचा सतरावर थांबला होता. सोमवारचा एकोणसत्तरवर गेला होता.

जनीनने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, वर्षे वेगळी करून बघ, आधीची एकीकडे आणि तुझी एकीकडे. एल्वाने दोन चित्रे काढली. जून १९८३ नंतरच्या चित्रात सातही स्तंभ एका उंचीचे. त्याआधीच्या साठ वर्षांच्या चित्रात रविवारच्या जागी काहीच नव्हते, आणि सोमवार दुप्पट.

एल्वाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. वडील शब्बाथ, म्हणजे देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस, पाळत. रविवारी गाई दोहायच्या, तारेत अडकलेली मेंढी सोडवायची, बाकी हात हलवायचा नाही. मोजणे हे कामच. तेव्हा रविवारी वहीत रेघ ओढली जाई, तीही बहुधा सोमवारी, आणि दोन दिवसांचे पाणी सोमवारच्या आकड्यात जाई. आजोबांचेही तेच. वहीत वार नसत, नुसत्या तारखा असत, म्हणून हजारो रेघा तिच्या बोटांखालून शून्य होऊन गेल्या आणि तिला त्यात रविवार दिसला नाही. 'मी एकही दिवस चुकवलेला नाही' हे वडील खोटे बोलले नव्हते. रविवार त्यांच्या मोजणीतच नव्हता.

पण खात्याने अखंड म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी मर्व्हिन चहाला आला. तो शहात्तर वर्षांचा, चर्चच्या मंडळीचा, म्हणजे तिथे जमणाऱ्या भाविकांचा, एक पुढारी. दर गुरुवारी तो येई, एल्वाने केलेला लोणी-साखरेच्या चुऱ्याचा केक खाई आणि मेंढ्यांच्या तक्रारी सांगे. आज एल्वाने केकच्या आधी त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. साठ वर्षांचे चित्र दाखवून तिने सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि हे कोणी कोणी पाहिले आहे ते विचारले. जनीनचे नाव ऐकून तो निर्धास्त झाला. लीबेल्ट घराण्यातली माणसे घरातले बाहेर बोलत नाहीत. मग म्हणाला, त्यांनी वर्षाचा आलेख मागितला आहे, वर्षाची बेरीज बरोबर आहे, तो द्यावा आणि मोकळे व्हावे. एल्वाने रोजच्या नोंदीही मागितल्याचे सांगितले.

"मग सोमवारचा अर्धा रविवारी टाक," मर्व्हिन म्हणाला. "दोन दिवसांचं पाणी दोन दिवसांत वाटलं. कोणाचं काय गेलं?"

ते अवघड नव्हते. एल्वाने एक ओळ लिहिली, एकदा तांबडी अक्षरे आली, कंस बंद केला, पुन्हा एंटर दाबले. सात स्तंभ उभे राहिले, नव्याने रंगवलेल्या कुंपणासारखे. आता ही फाइल पाठवली असती तर पर्जन्यमापक राहिला असता, आणि नऊ वाजले की तिला जायला जागा राहिली असती. मर्व्हिनने समाधानाने केकचा दुसरा तुकडा घेतला. बाबांचे नाव राहिले, असे तो म्हणाला.

एल्वाने रविवारच्या स्तंभावर बोट ठेवले.

"मर्व्ह, बाबांनी रविवारी कधी काम केलं?"

"केलं असतं तर आजोबांनी चामडी सोलली असती."

"मग मी आत्ता त्यांना बावन्न वर्षं कामाला लावलं. दर रविवारी सकाळी नऊला, हातात नळी. आणि पानाखाली त्यांची सही."

मर्व्हिनचा हात बशीवर थांबला. त्याने तुकडा खाली ठेवला, बोटे रुमालाला पुसली आणि काहीतरी बोलायचे म्हणून दुसऱ्या चित्राकडे वळला. तिथे तो जास्तच वेळ अडकला.

"हे त्र्याऐंशीनंतरचं ना? यात रविवार कसा भरलाय?"

"मी मोजत होते."

"रविवारी?"

"नऊ वाजता. उपासना साडेदहाला असते."

"चाळीस वर्षं?"

"एकही दिवस चुकवू नकोस म्हणाले होते. मी सात दिवस धरले."

मर्व्हिनने खुर्ची मागे सरकवली. "आणि मी चाळीस वर्षं मंडळीत सांगतोय, नोस्क्यांच्या घरात शब्बाथला बोट हलत नाही. तरीच तू दर पावसाळी रविवारी ओल्या बुटांनी यायचीस. मला वाटायचं, बाई बागेतून फिरून येते."

"तू विचारलं नाहीस."

"विचारायला हवं होतं, हे मला काय माहीत?"

चहा अर्धा टाकून तो निघाला. जाताना केकचा राहिलेला तुकडा मात्र त्याने कागदात गुंडाळून घेतला, त्यावरून एल्वाला वाटले की राग फार खोल नसावा. तो तिच्या अंदाजापेक्षा खोल होता. पुढचे सहा गुरुवार तो आला नाही. चर्चमध्ये मान हलवी, तेवढेच.

त्या संध्याकाळी एल्वाने अर्धे वाटून टाकणारी ओळ पुसली आणि फाइल नव्याने उघडली. मग ती काट्यावरच्या शिस्तीने बसली. जिथे सोमवारीही रेघ होती, तिथे रविवार खरोखरच कोरडा होता. ते शून्य तिने राहू दिले. जिथे सोमवारी पाणी होते, तिथला रविवार माहीत नव्हता. तिथले शून्य काढून जागा रिकामी ठेवली, आणि सोमवारपुढे 'दोन दिवसांचे' असे लिहिले. अशा अकराशेवर जागा निघाल्या. शून्य आणि रिकामे यांत फरक आहे हे माणसे विसरतात, तो प्रोग्राम विसरत नव्हता. बेरीज सांगितली की एक रिकामी जागा दिसताच तो उत्तर द्यायचे नाकारी. रिकाम्या जागा मला ठाऊक आहेत, त्या सोडून मोज, असे त्याला दर वेळी लिहून द्यावे लागे.

पाकिटात तिने वर्षांचा रेषालेख घातला, त्याच्या जोडीला वारांचे दोन्ही स्तंभालेख, आणि अर्ध्या पानाचे पत्र. नोंदी अखंड नाहीत. १९८३पर्यंत रविवारी मोजलेले नाही. कारण धार्मिक आहे, हलगर्जीपणा नाही. पत्र पेटीत टाकून ती घरी आली, आणि नऊचे काम आणखी किती दिवस उरले ते मनाशी मोजू लागली.

उत्तर नोव्हेंबरात आले. अखंड नोंदीचे प्रशस्तिपत्र देता येणार नाही, असे पहिल्याच परिच्छेदात होते. दुसऱ्यात लिहिले होते की पर्जन्यमापक चालू राहील. शंभर वर्षे एकाच जागी आहे, आणि आता प्रत्येक आकडा किती दिवसांचा ते ठाऊक असल्याने नोंदी वापरता येतील. आसपासच्या इतर जुन्या वह्यांतही असेच रविवार लपलेले असावेत अशी शंका आहे, तरी आपण हे चित्र कोणत्या ओळींनी काढले ते कळवल्यास उपकार होतील. एल्वाने त्या सात ओळी स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवल्या, स्वल्पविराम दोनदा तपासून.

त्या गुरुवारी मर्व्हिन आला. पत्र त्याने दोनदा वाचले. प्रशस्तिपत्राबद्दल काही बोलला नाही. जानेवारीत तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, अ‍ॅडलेडला दोन आठवडे राहावे लागणार होते, हे त्याला मंडळीतून कळले होते. चहा पिऊन झाल्यावर त्याने विचारले, "त्या तुझ्या फाटकाची चावी कुठे असते?"

"फाटकाला चावी नाही. वर उचललं की उघडतं."

"आणि नळी?"

"स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. आकडा पाण्याच्या खालच्या कडेला वाचायचा."

"तेवढं कळतं मला."

एल्वा परतली तेव्हा कुबडी भिंतीला टेकवून तिने आधी वही उघडली. मर्व्हिनचे अक्षर मोठे, रकान्याबाहेर सांडणारे. पहिल्या आठवड्यात शनिवारपर्यंत रेघा. त्यांत फक्त बुधवारी वळवाची एक सर, ३.२ मिलिमीटर. मग पंधरा तारखेचा रकाना. तिथे रेघ नव्हती, आकडाही नव्हता. तिथे लिहिले होते, 'रविवार. पाहिले नाही.' आणि खाली सोळाला, '११.४. दोन दिवसांचे.'

तिच्या काळातले रविवार चाळीस वर्षे भरलेले होते. एल्वाने लॅपटॉप उघडला, मर्व्हिनचे दोन आठवडे चढवले, आणि पंधरा तारखेची जागा रिकामी ठेवली.