तिशीच्या आत एक भूत

माझ्या तिसाव्या वाढदिवसाला महिना उरला होता आणि मला अजून एकही भूत भेटलेलं नव्हतं.

तिशीच्या आत कुणाला फ्लॅट घ्यायचा असतो, कुणाला हिमालयात जायचं असतं, कुणाला निदान पोट तरी कमी करायचं असतं. मला भयकादंबरी लिहायची होती. पोटापाण्यासाठी मी कोल्हापुरात फ्लेक्सची डिझाइनं करतो, म्हणजे दुसऱ्यांचे वाढदिवस हाच माझा धंदा. मधे गॉगल लावलेले दादा, शेजारी वाघ, खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं मांडलेली. ("दादा जरा गोरं करा, आन् वाघ जरा हसरा घ्या" ही मागणीसुद्धा मी पुरी केलेली आहे!) तिशीच्या आत नावावर एक पुस्तक झालं नाही, तर उरलेला जन्म वाघ हसवण्यात जाणार, ह्या विचारानं माझं डोकं फिरायची पाळी आली होती.

पुण्याच्या एक संपादकबाई तिशीच्या आतल्या लेखकांची पुस्तकं काढणार होत्या. मी आनंदानं पहिली प्रकरणं धाडली. बाईंचा फोन आला.

"भाषा ओघवती आहे तुमची. पण भीती वाटत नाही हो."

"कुठंच न्हाय?"

"कुठंच नाही. तुमचं भूत फार बोलतं. वाढदिवसाच्या आत नीट लिहून पाठवा. तिशी उलटली की तुम्ही आमच्या मालिकेत बसत नाही."

बोलणारच की! कोल्हापूरचं भूत ते. पहिल्याच भेटीत त्यानं नायकाला "पावणं, कुठलं म्हणायचं?" असं विचारलं होतं आणि मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. खरी अडचण अशी की मी स्वतःच कधी भ्यालो नव्हतो. भ्यायला माणूस एकटा असावा लागतो आणि आमच्या गावात एकट्याला कुणी एकटं ठेवत नाही. प्रेरणा मिळावी म्हणून एकदा स्मशानाच्या कट्ट्यावर तोंड पाडून बसलो, तर दोन अनोळखी माणसं "काय टेन्शन हाय का भावा?" म्हणत थांबली आणि मला चहा पाजूनच गेली.

"भ्याचंच असंल तर कबनूरला जा," आई म्हणाली. "मावशीची शेड बंद हाय दिवाळीची. बस तितं एकटा. भ्यालास तर पुस्तक हुईल, न्हाय भ्यालास तर मावशीच्या घरातली जळमटं काढ."

कबनूर म्हणजे आमच्या मावशीचं गाव, इचलकरंजीला चिकटलेलं. तिथं घराघराशेजारी यंत्रमागाच्या शेडी. चोवीस तास असा खडखडाट चालतो, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर रस्त्यापलीकडच्याला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागतं. मावशीच्या शेडमध्ये निम्मे माग काकांचे आणि निम्मे त्यांनी रियाज नावाच्या माणसाला चालवायला दिलेले. त्याचं दार मागच्या बाजूला. दिवाळीत कामगार आपापल्या गावी गेलेले, सुताचा भाव चढलेला, म्हणून सुट्टी लांबलेली. सगळं कबनूर गप्प!

मी पोचलो तेव्हा मावशी उंबऱ्यावर बसून होती.

"ही शांतता मला सोसत न्हाय बघ," ती म्हणाली. "कान कसं भरून आल्यागत झाल्यात. घरात कोणतर गेल्यागत वाटतंय."

भर दुपारी मी शेडचं दार ढकललं आणि पाऊल आत टाकलं तिथंच थबकलो. पत्र्यातल्या फटीतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आत उतरलेल्या. कापसाचा भुसा सगळीकडं साठलेला. तारांवर, पंख्यावर, कोळ्यांच्या जाळ्यांवर. माग अर्धवट विणलेलं कापड छातीशी धरून ओळीनं उभे. कुणीतरी एकदम "थांबा" म्हटल्यावर हात होता तिथंच राहावा, तसं ते सगळं थांबलेलं होतं. वारा नव्हता. तरी कापसाचे बारीक तुकडे उन्हाच्या पट्टीत सावकाश वर चढत होते, खाली येतच नव्हते.

मला फार बरं वाटलं. पोत्यावर बैठक मारली आणि फोनवर कादंबरी बोलून नोंदवायला सुरुवात केली. (मी बोलून लिहितो. टायपिंग केलं की हात आपोआप 'युवा नेतृत्व' असंच टाइप करतात.)

"रक्त!" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "मला रक्त पाहिजे!"

मागांच्या पलीकडं काहीतरी हललं.

ताण्याच्या हजारो धाग्यांआड एक चेहरा होता. म्हातारीचा. केस पांढरे, भुवयांवर पांढरा भुसा, अंगावर फिकट पातळ. ती माझ्याकडंच बघत होती आणि बोलत होती. तोंड भराभर हलत होतं, मान डुलत होती, भुवया चढत होत्या. पण आवाज नव्हता. एवढ्या शांततेत, जिथं मला माझं गिळणं ऐकू येत होतं, तिथं त्या तोंडातून काहीसुद्धा बाहेर येत नव्हतं! मग तिनं हात वर केला, माझ्याकडं बोट दाखवलं आणि आडवा तळहात स्वतःच्या पोटावरून सर्रकन फिरवला.

पोट फाडणार होती माझं!

मी कसा पळालो ते मला माहीत नाही. चप्पल शेडमध्ये राहिली आणि मी मावशीच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली सापडलो.

"तोंड हलतंय, मावशे! आवाज न्हाय! पोट फाडतो म्हणतीया!"

"पोट फाडतो? कसं म्हणाली? करून दाव."

मी करून दाखवलं. मावशीच्या हातातली उलथणी खाली पडली.

"आगं बाई! ते पोट फाडणं न्हवं, खुळ्या! 'जेवलास का' म्हणायची खूण हाय ती! माग चालू असताना कुणाचं ऐकू येतंय? आमी शेडमधी सगळं हातानं नि व्हटानंच बोलतो." आणि मग तिचा चेहरा सावकाश बदलत गेला. "पांढरी केसं म्हणालास?"

"व्हय."

"खिडकीकडंच्या कोपऱ्यात? कांड्या भरायच्या मशीनपाशी?"

"व्हय की!"

"आवो, ऐकलासा का!" मावशीनं काकांना हाक मारली. "आत्याबाई आल्यात!"

आत्याबाई म्हणजे मावशीच्या सासूबाई, काकांची आई. जन्मभर त्याच कोपऱ्यात बसून त्यांनी कांड्या भरल्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झालेली. काका बाहेर आले, सगळं ऐकलं आणि मटकन खाली बसले.

"मेली तरी जेवलास का इचारतीया," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

मला मात्र, सांगायला लाज वाटते, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी भ्यालो होतो! आयुष्यात पहिल्यांदा! त्याच बैठकीत एक प्रकरण लिहून झालं आणि ते लिहिताना माझ्या पाठीला दोनदा घाम फुटला. (ते मोठ्यानं वाचल्यावर मावशीचं मांजर उठून गेलं. हे मी चांगलं लक्षण मानलं.)

दुसऱ्या दिवशी मावशीनं आत्याबाईंसाठी ताट वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी, करंजी. ताट कांडी मशीनपाशी ठेवून आम्ही दाराला कडी घातली. संध्याकाळी उघडलं तर ताट रिकामं! नुसतं रिकामं नाही, घासून लख्ख करून पालथं घातलेलं!

"आत्याबाईंचीच सवय ती," मावशी कुजबुजली. तिच्या हातावर काटा आलेला मला दिसला.

मग हे रोजचंच झालं. दुपारी मी ताट घेऊन जायचो, लांब पोत्यावर बसायचो, घाबरायचो आणि घाबरत घाबरत फोनवर बोलायचो. ती कधी दिसायची, कधी नाही. दिसली की तोंड हलायचं. एकदा तिनं माझ्याकडं बघून मूठ आवळली आणि दांडा ओढावा तशी खाली ओढली. मी घरी येऊन करून दाखवलं.

"ही 'बंद कर'ची खूण," काका गंभीरपणे म्हणाले. "आई म्हणतीया, धंदा बंद कर. माग भंगारात घाल."

"तुमास्नी कुठं म्हणतीया?" मावशी उसळली. "ह्याच्याकडं बघून म्हणाली न्हवं? ह्याचं लिव्हणं बंद कर म्हणतीया!"

भुतालाही माझं लेखन आवडेना! पण मी थांबलो नाही. पानं भरत होती. आता फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं, आणि वाढदिवस परवावर आलेला. नेमकी तेव्हाच मावशीनं ठरवलं, की भुतं उतरवणारा देवरशी आणायचा आणि आत्याबाईंना मोकळं करायचं.

"आगं मावशे, थांब की!" मी तिचे पाय धरले. "पुस्तक पुरं होऊ दे. तवर भूत ऱ्हाऊ दे!"

"आत्याबाई अडकून पडल्यात आन् तुला पुस्तकाचं पडलंय व्हय रं?"

"परवापातुर! परवा माझी तिशी झाली की खुशाल हाकला!"

शेवटी तडजोड झाली. देवरशी नको, घरच्यांनीच जाऊन त्यांची काय इच्छा आहे ते विचारायचं. भर दुपारी आम्ही निघालो. पुढं नारळ घेतलेले काका, मधे ताट घेतलेली मावशी, मागं फोन घेतलेला मी. शेडमध्ये तीच शांतता. उन्हाच्या पट्टीत तेच कापसाचे तुकडे. कोपऱ्यात पांढरी आकृती पाठमोरी बसलेली, आणि तिच्या हाताखाली, वीज बंद असताना, कांडी मशीनचं चाक सावकाश फिरत होतं.

"आई..." काकांनी नारळ पुढं केला.

आकृती वळली. तोंड हललं. आवाज नाही. मावशीच्या हातातलं ताट खळकन पडलं. आणि तेवढ्यात शेडचा पत्रा थरथरेल असा आवाज आला,

"आरं, पाडलं की ताट! आता मी काय खाऊ?"

काकांनी नारळ सोडला तो माझ्या पायावर पडला. मी किंचाळलो. मी किंचाळलो म्हणून मावशी किंचाळली. म्हातारी उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय झालं काय तुमास्नी? भूत बघितल्यागत करालाय?"

ती हमीदाचाची होती. रियाजची चुलती. शिरोळकडं राहायची, ह्या सुट्टीत पहिल्यांदाच पुतण्याकडं आलेली. उमेदीची सगळी वर्षं तिकडच्या शेडीत कांड्या भरण्यात गेलेली, म्हणून दुपारी कांडी मशीनपाशी बसल्याशिवाय तिला करमत नव्हतं. मागच्या दारानं यायची, हातानं चाक फिरवत बसायची.

"मग आवाजानं का बोलला न्हाईसा इतके दिवस?" मी दुखरा पाय धरून ओरडलो.

"शेडमधी कोण आवाजानं बोलतंय? घसा फाटतोय," चाची म्हणाली. "तोंड हलवायचीच सवय. तू येतोस आन् फोनात 'रक्त पाहिजे, रक्त पाहिजे' करतोस. म्हटलं पोराच्या डोस्क्यावर भुकेनं परिणाम झालाय, म्हणून जेवलास का इचारलं. तर बोंबलत पळालास. मग म्हटलं बंद कर बाबा ते वराडणं."

"आन् ताट?"

"दिवाळीचं पाठवताय म्हटल्यावर नको कसं म्हणायचं? खाल्लं. घासून ठिवलं. लई चांगली माणसं हाईसा. फकस्त वांग्यात तिखट कमी पडतंय."

इतक्या दिवसांत मावशीचा चेहरा असा कधीच पडला नव्हता. सासू भूत होऊन आली ते तिनं सोसलं, वांगं मिळमिळीत म्हटलेलं सोसेना! काका मात्र चाचीच्या पायाशीच बसले. "आमची आई बी अशीच ताट पालथं घालायची," म्हणाले आणि पुन्हा डोळे पुसले. चाचीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

सगळ्यांचं भलं झालं, माझं वाटोळं झालं. भीती गेली! शेवटचं प्रकरण तसंच. मी पोत्यावर बसून, एवढा घोडा झालो तरी, रडायच्या बेतात आलो. चाचीनं विचारलं, मावशीनं सगळं सांगितलं: तिशी, संपादकबाई, वाघ.

"भ्या पाहिजे व्हय तुला?" चाची म्हणाली. "बस हितं. हितं आल्यावर ह्या शेडमधी काय बघितलंय त्ये सांगतो."

ती माझ्यासमोर बसली. आणि सवयीनं तिचा आवाज बंद झाला. नुसतं तोंड हलू लागलं. सुरुवातीला भराभर, मग सावकाश. एकदा तिनं खिडकीकडं बोट केलं. एकदा स्वतःचा गळा चाचपला. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण माझ्या शेजारी उभी राहून मावशी ते ओठ वाचत होती आणि तिचा हात माझ्या खांद्यात रुतत चालला होता. चाची थांबली. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि दाराकडं चालू लागली.

"काय म्हणाली? मावशे, काय म्हणाली?"

"न्हाय सांगायचं," मावशी म्हणाली. "आन् हितं आता बसायचं न्हाय."

तिनं ते मला आजतागायत सांगितलेलं नाही. चाचीला विचारलं तर ती हसते आणि "सांगितलं की" म्हणते. मी शेवटचं प्रकरण तेच लिहिलं: समोर बसलेली बाई काहीतरी सांगते आहे, ऐकू येत नाही, आणि ज्याला कळतंय तो उठून निघून जातो. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कादंबरी पाठवली. लेखकाचा फोटोही पाहिजे होता. मावशी शेडमध्ये येईना, म्हणून मी एकट्यानंच आत जाऊन मागांसमोर सेल्फी काढला आणि न बघताच पाठवून दिला.

वाढदिवसाला सकाळीच संपादकबाईंचा फोन.

"घेतोय आम्ही पुस्तक! हसून हसून पोट दुखलं. विनोदी कादंबरी म्हणून काढू."

"विनोदी? आन् भीती? शेवटी तरी?"

"भीती वाटली की. एकाच ठिकाणी, पण केवढी! तुमचा तो शेडमधला फोटो उघडला आणि हातातला फोन पडला माझ्या. अंगावर सर्रकन काटा आला. छापू नये असं म्हणतेय मी."

मावशीचा पांढरा पडलेला चेहरा आठवला. मी भिंतीला टेकलो आणि जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, फोटोत... माझ्या मागं... कुणी उभं हाय का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "फोटोत तुम्ही एकटेच आहात."